अमेरिकन फुटबॉलची बाद फेरी आणि बचावफळी

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलची सर्वोच्च स्पर्धा म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग, संक्षेपाने एनएफएल. साखळी सामने सप्टेंबरमध्ये सुरू होतात आणि जानेवारीच्या सुरुवातीला संपतात. त्यानंतरच्या बाद फेरीचा शेवट फेब्रुवारीत सुपर बोल या अंतिम सामन्याने होतो. प्रसिद्धीचा मोठा वाटा चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला मिळतो. तरीही बाद फेरीचे अनेक निकाल त्याला चेंडू फेकू न देणाऱ्यांनी ठरवले आहेत. कोणत्या संघाची गाठ कोणाशी पडते आणि त्या सामन्यात बचावफळी काय करू शकते, या दोन प्रश्नांचा संबंध फार जवळचा आहे.

स्पर्धेची रचना

लीगमध्ये ३२ संघ आहेत. त्यांच्या एएफसी आणि एनएफसी अशा दोन कॉन्फरन्स असून प्रत्येकीत १६ संघ असतात. प्रत्येक कॉन्फरन्सचे पूर्व, उत्तर, दक्षिण व पश्चिम असे चार-चार संघांचे चार विभाग पडतात. २०२१पासून प्रत्येक संघ साखळीत १७ सामने खेळतो. त्यांपैकी सहा सामने स्वतःच्या विभागातील तीन प्रतिस्पर्ध्यांशी, प्रत्येकाशी दोनदा, होतात. त्यामुळे बाद फेरीत समोर येणारा संघ हंगामात दोनदा भेटलेला असू शकतो, एकदा भेटलेला असू शकतो किंवा पूर्णपणे अपरिचितही असू शकतो. प्रशिक्षकांच्या तयारीत या फरकाला मोठे महत्त्व असते, कारण आधीच्या सामन्याच्या चित्रफिती दोन्ही बाजूंकडे असतात आणि एकदा वापरलेली युक्ती लपून राहत नाही.

मानांकन आणि यजमानपद

२०२०च्या हंगामापासून प्रत्येक कॉन्फरन्समधून सात, म्हणजे एकूण १४ संघ बाद फेरीत जातात. चार विभागविजेत्यांना पहिली चार मानांकने मिळतात. उरलेल्या संघांतील सर्वोत्तम तिघांना ‘वाइल्ड कार्ड’ या नावाने पाचवे ते सातवे मानांकन मिळते. पहिल्या मानांकिताला पहिली फेरी खेळावी लागत नाही. बाकीच्यांत दुसरा विरुद्ध सातवा, तिसरा विरुद्ध सहावा आणि चौथा विरुद्ध पाचवा अशा लढती होतात. पुढच्या फेरीत जोड्या नव्याने लावल्या जातात आणि पहिल्या मानांकिताची गाठ उरलेल्यांतील सर्वांत खालच्या मानांकिताशी पडते. वरच्या मानांकनाचा संघ यजमान असतो. सुपर बोलचे मैदान मात्र काही वर्षे आधीच ठरलेले असते.

विभागविजेत्याला मिळणारे यजमानपद काही वेळा विचित्र चित्र निर्माण करते. २०१०च्या हंगामात सिअ‍ॅटल सीहॉक्स सात विजय आणि नऊ पराभव अशा कामगिरीवर आपल्या दुबळ्या विभागात पहिले आले. त्यांच्याकडे खेळायला आलेल्या न्यू ऑर्लीन्स सेंट्सच्या खात्यावर ११ विजय होते. सिअ‍ॅटलने तो सामना ४१-३६ असा जिंकला.

यजमानपदाचा फायदा केवळ भावनिक नाही. क्वार्टरबॅकला चेंडू खेळात येण्यापूर्वी सहकाऱ्यांना तोंडी सूचना द्याव्या लागतात. पाहुण्या संघाच्या सूचना प्रेक्षकांच्या गोंगाटात बुडतात आणि त्याचा लाभ थेट यजमान बचावफळीला मिळतो. उत्तरेकडील शहरांत थंडीचीही भर पडते. ३१ डिसेंबर १९६७ रोजी ग्रीन बे येथे पॅकर्स आणि डॅलस काउबॉइज यांच्यातील विजेतेपदाचा सामना उणे २५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानात खेळला गेला.

एकाच सामन्याचा निकाल

प्रत्येक फेरीत एकच सामना होतो आणि हरलेला संघ स्पर्धेबाहेर जातो. आयपीएलमध्ये पहिल्या दोन क्रमांकांच्या संघांना एक पराभव पचवून अंतिम सामना गाठता येतो. एनएफएलमध्ये तशी सोय नाही. त्यामुळे हंगामभराची सरासरी बाजूला पडते आणि विशिष्ट दिवशी एका संघाचे बलस्थान दुसऱ्याच्या कच्च्या दुव्यावर पडते का, एवढाच प्रश्न उरतो. गुणतक्त्यात खाली असलेला संघ काही ठरावीक प्रतिस्पर्ध्यांना जड जातो, त्याचे कारण यात आहे.

खेळाचा गाभा

मैदान १०० यार्ड लांब असते. दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे गोलक्षेत्र असते. प्रत्येक बाजूने ११ खेळाडू मैदानात असतात. आक्रमक संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावे लागते. ते जमले, तर नवे चार प्रयत्न मिळतात. न जमल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. या प्रयत्नांना ‘डाउन’ म्हणतात. चेंडू गोलक्षेत्रात नेल्यास टचडाउनचे सहा गुण, खांबांमधून लाथाडल्यास फील्ड गोलचे तीन गुण. बचावफळीचे काम यार्ड नाकारणे आणि शक्य झाल्यास चेंडूच हिसकावणे हे असते. फेकलेला चेंडू मधेच झेलला, तर ते इंटरसेप्शन. हातातला चेंडू सुटला, तर फंबल. दोन्ही प्रसंगी बचावपटू चेंडू घेऊन धावू शकतो आणि टचडाउनही करू शकतो.

बचावाच्या तीन फळ्या

सर्वांत पुढे लाइनमन असतात: मध्यभागी वजनदार टॅकल आणि कडेला तुलनेने चपळ एंड. त्यांच्या मागे लाइनबॅकर. धावणाऱ्याला अडवणे, मधल्या पट्ट्यातील पास तोडणे आणि प्रसंगी क्वार्टरबॅकवर चालून जाणे, अशी तिहेरी जबाबदारी त्यांच्यावर असते. शेवटच्या फळीत कडेला कॉर्नरबॅक आणि खोलवर सेफ्टी असतात. पूर्वी चार लाइनमन व तीन लाइनबॅकर किंवा याच्या उलट, अशा दोन रचना रूढ होत्या. पासचे प्रमाण वाढले तसे एक लाइनबॅकर कमी करून पाचवा पिछाडीचा खेळाडू आणण्याची पद्धत आता नेहमीची झाली आहे.

या फळ्या एकमेकींवर अवलंबून असतात. कॉर्नरबॅकने झेलणाऱ्याला एक सेकंद जास्त रोखले, तर पुढच्या माणसाला क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचण्यास तेवढा वेळ मिळतो. पुढच्या माणसाने घाई केली, तर कॉर्नरबॅकला कमी वेळ धावावे लागते. एका खेळाडूच्या नावावर नोंदलेला पराक्रम पुष्कळदा दुसऱ्याच्या कामाचे फळ असतो.

चौघांचे गणित

आक्रमक संघाच्या ११ जणांपैकी पाच जण आघाडीचे लाइनमन असतात आणि साधारणपणे त्यांना पास झेलता येत नाही. एक क्वार्टरबॅक. उरलेले पाच जण पास झेलू शकतात. बचावफळीने चार जणांना क्वार्टरबॅकवर धाडले, तर या पाच जणांसाठी सात खेळाडू मागे राहतात. सहा जणांना धाडले, तर मागे पाचच उरतात आणि प्रत्येकाला एकट्याने आपला माणूस सांभाळावा लागतो. जादा माणसे धाडण्याच्या या डावाला ‘ब्लिट्झ’ म्हणतात. अनुभवी क्वार्टरबॅक ब्लिट्झ ओळखतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत चेंडू टाकतो. बाद फेरीत गाठ बहुधा अशाच क्वार्टरबॅकशी पडते. म्हणूनच केवळ चार जणांनी पाच लाइनमनना भेदून दबाव आणणे ही बचावफळीची सर्वांत मौल्यवान क्षमता ठरते.

क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधी, चेंडू जिथून खेळात आला त्या रेषेमागे पाडणे म्हणजे ‘सॅक’. वैयक्तिक सॅकची अधिकृत नोंद १९८२पासून ठेवली जाते. दोघांनी मिळून पाडल्यास प्रत्येकाच्या नावावर अर्धा सॅक जमा होतो. न्यूयॉर्क जायंट्सच्या मायकेल स्ट्रेहानने २००१मध्ये १६ सामन्यांच्या हंगामात २२.५ सॅक केले. पिट्सबर्गच्या टी. जे. वॉटने २०२१मध्ये त्या आकड्याची बरोबरी साधली. संपूर्ण कारकिर्दीत सर्वाधिक २०० सॅक ब्रूस स्मिथच्या नावावर आहेत. १९६०च्या दशकात लॉस एंजेलस रॅम्सकडून क्वार्टरबॅकना धाक बसवणारा डीकन जोन्स या अधिकृत यादीत नाही, एवढ्यावरून यादीची मर्यादा कळते.

शिकागो, १९८५: न झालेला सामना

१९८५चा शिकागो बेअर्स हा अतिआक्रमक बचावाचा नमुना होता. बचाव प्रशिक्षक बडी रायन यांनी आठ-आठ खेळाडू पुढच्या रेषेजवळ आणून प्रतिस्पर्ध्याला विचार करायला वेळच ठेवला नाही. माइक सिंगलटरी, रिचर्ड डेंट, डॅन हॅम्प्टन ही त्या फळीची मुख्य नावे. बाद फेरीत बेअर्सने जायंट्सला २१-०, रॅम्सला २४-० आणि सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सला ४६-१० असे हरवले. अंतिम सामन्यात पेट्रियट्सना धावून केवळ सात यार्ड मिळाले.

त्या हंगामात बेअर्सचा एकमेव पराभव मायामी डॉल्फिन्सकडून ३८-२४ असा झाला होता. मायामीचा क्वार्टरबॅक डॅन मरीनो चेंडू अतिशय लवकर सोडत असे. धाडलेली जादा माणसे त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी पास निघून जाई. मायामी अंतिम फेरीच्या उंबरठ्यापर्यंत आली होती. पण वाइल्ड कार्ड मिळवून आलेल्या पेट्रियट्सनी तिला तिच्याच मैदानावर ३१-१४ असे हरवले. बेअर्सना ज्या शैलीचा त्रास झाला, ती शैली अशा रीतीने त्यांच्या वाटेतून दूर झाली. बेअर्सच्या श्रेष्ठत्वाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र बाद फेरीत कोण समोर येतो, हे आपल्या हातात नसलेल्या सामन्यांवरही अवलंबून असते.

बाल्टिमोर, २०००

बाल्टिमोर रेव्हन्सचे आक्रमण सामान्य होते. ऑक्टोबरमध्ये सलग पाच सामन्यांत त्यांना एकही टचडाउन करता आला नाही. तरीही त्यांनी १६ सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना केवळ १६५ गुण दिले. वाइल्ड कार्डवरून सुरुवात करून बाद फेरीचे चारही सामने त्यांनी जिंकले आणि त्या चार सामन्यांत मिळून २३ गुण दिले. त्यांपैकी सात गुण अंतिम सामन्यात जायंट्सच्या रॉन डिक्सनने खेळ पुन्हा सुरू करणारी किक परतवताना केलेल्या टचडाउनमुळे गेले. त्यात बचावफळीचा संबंध नव्हता. मध्यवर्ती लाइनबॅकर रे लुइस सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. टेनेसीविरुद्धच्या सामन्यात त्याने एडी जॉर्जच्या हातातून उडालेला चेंडू पकडून ५० यार्ड धाव घेत टचडाउन केला होता. लुइसला मोकळेपणा मिळाला, तो पुढे उभ्या असलेल्या सॅम अ‍ॅडम्स आणि टोनी सिरागुसा या दोन अवजड टॅकलमुळे. प्रतिस्पर्धी लाइनमन त्या दोघांत अडकून पडत आणि लुइसपर्यंत कोणी पोहोचत नसे.

जायंट्स विरुद्ध पेट्रियट्स, फेब्रुवारी २००८

जोडीचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते ते या सामन्यात. पेट्रियट्सनी २००७च्या हंगामात साखळीतील १६ पैकी १६ सामने जिंकले आणि ५८९ गुण केले. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने ५० टचडाउन पास दिले. हंगामभरात तो केवळ २१ वेळा सॅक झाला. साखळीतील अखेरचा सामना जायंट्सविरुद्ध होता. पेट्रियट्सनी तो ३८-३५ असा जिंकला, पण जायंट्सना त्यातून प्रतिस्पर्ध्याची नेमकी मोजमापे मिळाली.

जायंट्स वाइल्ड कार्ड संघ होता. टॅम्पा, डॅलस आणि ग्रीन बे असे तिन्ही सामने बाहेरच्या मैदानांवर जिंकून तो अंतिम फेरीत आला. त्या हंगामात सर्वाधिक, ५३ सॅक जायंट्सच्याच नावावर होते. बचाव प्रशिक्षक स्टीव्ह स्पॅग्नुओलो पासच्या डावांत स्ट्रेहान आणि ओसी उमेनियोरा यांना दोन कडांवर ठेवत आणि मुळात एंड असलेल्या जस्टिन टकला आत, टॅकलच्या जागी आणत. आतल्या बाजूचे आक्रमक लाइनमन ताकदवान, पण कडेच्या लाइनमनपेक्षा मंद असतात. टकचा वेग त्यांना झेपला नाही. आतून येणाऱ्या दबावामुळे ब्रेडीला पुढे पाऊल टाकून चेंडू फेकायला जागा उरली नाही.

ब्रेडी त्या दिवशी पाच वेळा सॅक झाला. टकने दोन सॅक केले आणि एकदा चेंडूही सोडवला. ५८९ गुण करणाऱ्या संघाला १४ गुणांवर थांबावे लागले. जायंट्सनी सामना १७-१४ असा जिंकला आणि पेट्रियट्सचा अपराजित हंगाम शेवटच्या पायरीवर संपला. डेव्हिड टायरीने शिरस्त्राणाला चेंडू दाबून घेतलेला झेल लोकांच्या स्मरणात राहिला. सामना तिथवर जिवंत ठेवला तो या पुढच्या चौघांनी.

पिछाडीची फळी: सिअ‍ॅटल

२०१२ ते २०१५ या सलग चार हंगामांत सर्वांत कमी गुण सिअ‍ॅटलने दिले. रिचर्ड शर्मन हा उंच कॉर्नरबॅक, मैदानाचा खोल मध्यभाग एकट्याने सांभाळणारा सेफ्टी अर्ल थॉमस आणि पुढे येऊन लाइनबॅकरसारखा भिडणारा कॅम चान्सलर, हे त्या फळीचे आधारस्तंभ होते. थॉमसच्या आवाक्यामुळे चान्सलरला पुढे ठेवता येई, म्हणजे धाव रोखण्यासाठी एक माणूस फुकट मिळे.

जानेवारी २०१४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध अखेरच्या क्षणी गोलक्षेत्रात आलेला पास शर्मनने हाताने उडवला आणि लाइनबॅकर माल्कम स्मिथने तो झेलला. सिअ‍ॅटल २३-१७ने जिंकले. सुपर बोलमध्ये समोर क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचा डेन्व्हर ब्रॉन्कोज होता. त्याने हंगामात विक्रमी ६०६ गुण केले होते. सिअ‍ॅटलने त्याला ४३-८ असे हरवले. माल्कम स्मिथने एक इंटरसेप्शन ६९ यार्ड परतवून टचडाउन केला आणि तो सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मिलर, डोनाल्ड आणि ईगल्स

दोन वर्षांनी त्याच डेन्व्हरने भूमिका बदलली. मॅनिंग उताराला लागला होता आणि संघ बचावावर उभा होता. फेब्रुवारी २०१६मध्ये ५०व्या सुपर बोलमध्ये लाइनबॅकर व्हॉन मिलरने कॅरोलिनाच्या कॅम न्यूटनच्या हातून दोनदा चेंडू सोडवला. डेन्व्हरचे दोन्ही टचडाउन या दोन फंबलमधून आले. २४-१० असा विजय मिळवणाऱ्या डेन्व्हरच्या आक्रमणाने उभ्या सामन्यात १९४ यार्डच कमावले होते.

ॲरन डोनाल्ड हा रॅम्सचा वेगळ्या जातीचा खेळाडू. तो आतल्या बाजूचा टॅकल, त्या जागेच्या मानाने हलका, आणि बहुतेक वेळा त्याला अडवण्यासाठी दोन माणसे लागत. त्यामुळे त्याने सॅक केला नाही तरी त्याचा एखादा साथीदार मोकळा सुटे. फेब्रुवारी २०२२च्या सुपर बोलमध्ये रॅम्स २३-२०ने पुढे असताना सिनसिनाटी बेंगाल्सना एक यार्ड हवा होता. तिसऱ्या प्रयत्नात डोनाल्डने धावणाऱ्याला रोखले. चौथ्या प्रयत्नात त्याने क्वार्टरबॅक जो बरोला असे गरगर फिरवले, की पास कोणाच्याच हाती लागला नाही. विजेतेपद निश्चित करणारी ही कृती नोंदवहीत सॅक म्हणून जमा नाही.

चौघांच्या गणिताचा अलीकडचा ठळक दाखला फेब्रुवारी २०२५चा. फिलाडेल्फिया ईगल्सनी कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध एकदाही ब्लिट्झ न करता पॅट्रिक माहोम्सला सहा वेळा सॅक केले आणि सामना ४०-२२ असा जिंकला.

बचावाच्या मर्यादा

दबाव असूनही सामना हातचा जाऊ शकतो. जानेवारी २०२२मध्ये पहिले मानांकन असलेल्या टेनेसी टायटन्सनी बरोला नऊ वेळा सॅक केले. तरी बेंगाल्स १९-१६ने जिंकले, कारण टेनेसीच्या क्वार्टरबॅकने स्वतः तीन इंटरसेप्शन दिली. सॅकमुळे यार्ड जातात. इंटरसेप्शनमुळे चेंडूच जातो.

दुसऱ्याच दिवशी बफेलो बिल्सचा बचाव कोसळला. हंगामात सर्वांत कमी गुण देणाऱ्या या संघाला कॅन्सस सिटीने शेवटच्या १३ सेकंदांत गाठले आणि जादा वेळेत ४२-३६ असे हरवले. जादा वेळेत पहिलाच ताबा चीफ्सना मिळाला, त्यांनी टचडाउन केला आणि तत्कालीन नियमानुसार सामना तिथेच संपला. बफेलोच्या आक्रमणाला चेंडू मिळालाच नाही. त्याच वर्षी बाद फेरीसाठी नियम बदलून दोन्ही संघांना जादा वेळेत एकेक ताबा मिळण्याची तरतूद झाली. हा बदल न्याय्य होता.

नियमांचा कल

बचावपटूंच्या यशातूनच त्यांच्यावरील बंधने जन्माला आली. १९७०च्या दशकात पिट्सबर्ग स्टीलर्सचा कॉर्नरबॅक मेल ब्लंट झेलणाऱ्यांना मैदानभर धक्के देत असे. १९७८मध्ये पाच यार्डांपलीकडे असा संपर्क निषिद्ध झाला. त्याच वर्षी आक्रमक लाइनमनना हात पसरून, उघड्या तळव्यांनी अडवण्याची मुभा मिळाली. या दोन बदलांनी पासचे युग सुरू केले. पुढे क्वार्टरबॅकच्या डोक्यावर आणि गुडघ्यांवर होणाऱ्या प्रहारांवरही कठोर निर्बंध आले. खेळाडूंच्या आरोग्यासाठी ते आवश्यकच होते, पण बचावपटूचे काम त्यामुळे अधिक अवघड झाले. शिकागोची १९८५ची आणि सिअ‍ॅटलची २०१३ची या फळ्यांची तुलना करताना त्या दोन्ही एकाच नियमावलीत खेळत नव्हत्या, हे विसरता येत नाही.

सन्मानांची वाटणी

सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून डेंट, लुइस, स्मिथ, मिलर अशा मोजक्या बचावपटूंची निवड झाली आहे. १९७१च्या जानेवारीत डॅलसचा लाइनबॅकर चक हाउली पराभूत संघात असूनही हा मान मिळवून गेला. हंगामातील सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार लॉरेन्स टेलर, जे. जे. वॉट आणि डोनाल्ड यांनी प्रत्येकी तीनदा मिळवला. असोसिएटेड प्रेसतर्फे दिला जाणारा संपूर्ण लीगचा सर्वोत्तम खेळाडूचा किताब मात्र आजवर दोनच बचावपटूंना मिळाला आहे: १९७१मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जचा टॅकल अ‍ॅलन पेज, जो पुढे मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला, आणि १९८६मध्ये २०.५ सॅक करणारा जायंट्सचा टेलर.